खुर्चीवरचं बोंड

बोंड. पाइनच्या झाडाचं, वाळलेलं, पाकळ्या ताठ उघडलेलं—आणि ठेवलंय कुठे, तर खुर्चीवर. आणि खुर्ची तरी कशी, फिकट निळ्या रेशमाची, वाकड्या नाजूक पायांची, पाठीवर पानं कोरलेली... बरोबर बसायच्या जागी, मधोमध. धाकटीला आधी वाटलं, कुणा पोराच्या हातून राहिलं असेल. मग पलीकडच्या खुर्चीवरही एक दिसलं, खिडकीजवळच्या कोचावर तर दोन. म्हणजे मुद्दाम ठेवलेली.

"बसू नका अशा पाट्या लावल्या की दिवाणखान्याची कचेरी होते," हवेलीची माहिती सांगणारे गृहस्थ म्हणाले. सर्दीनं बेजार होते बिचारे, दर वाक्यामागे रुमाल. "म्हणून आम्ही बोंड ठेवतो. बोंड दिसलं की माणूस बसत नाही. का म्हणून विचारतही नाही."

"आणि बसलंच कुणी, तर उठतंही लगेच!" बँकवाली म्हणाली, आणि सगळे खळखळून हसले. बँकवालीला बँक सोडून कितीतरी वर्षं झाली होती, पण आवाज अजून काउंटरपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असाच. तिच्या शेजारी उभी असलेली थोरलीही हसली. धाकटीनं ते हसणं पाठीमागून पाहिलं—थोरली हसली की तिचे खांदे आधी हलतात, आवाज मागाहून येतो. हे या खोलीत माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? बँकवालीला? डोंबल.

धाकटी म्हणजे धाकटी सून. दोन भावांच्या दोन बायका, एका घरात, एका स्वयंपाकघरात. ही धाकटी, ती थोरली. दोघे भाऊ गेले, घर विकलं, दोघी दोन रस्त्यांवरच्या दोन इमारतींत राहायला गेल्या, केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी ही आपली धाकटीच. आजी झालेली धाकटी! पूर्वी या नावाचं तिला हसू यायचं. आता वाटतं, थोरली आहे म्हणून मी धाकटी. थोरली बोलेनाशी झाली तर मग मी नेमकी कोण...

"चला, पुढची खोली," कप्तान म्हणाले, आणि सगळा घोळका कप्तानांमागे निघाला.

कप्तान म्हणजे शाळेतले निवृत्त पीटी मास्तर; गळ्यात शिट्टी अजून तीच. ज्येष्ठांची एक-एक दिवसाची सहल काढायची, जुनी घरं, जुने वाडे-राजवाडे, किल्ले दाखवून आणायचे, हा त्यांचा उद्योग. आणि त्यांच्या मंडळाची पद्धत अशी की माणसं मोजायची नाहीत. पूर्वी मोजत. पण एकदा एका किल्ल्यावरून परतताना आकडा अगदी चोख आला, बस सुटली, आणि अर्ध्या वाटेत कळलं की आपले एक आजोबा तिकडेच बुरुजावर बसलेत आणि त्यांच्या जागी दुसऱ्याच सहलीतले एक आजोबा गाढ झोपलेत. तेव्हापासून नियम झाला: ज्यानं त्यानं आपला शेजारी बघायचा. बस सुटण्याआधी कप्तान दारात उभे राहून ओरडतात, "शेजारी?" आणि सगळी बस ओरडते, "आहे!" जो गप्प राहील त्याचा शेजारी आलेला नाही. सोपं. फक्त ज्याला शेजारीच नाही, त्याच्यासाठी गप्प कोण राहणार, हे कप्तानांना सुचलं नव्हतं, आणि धाकटीनं ते त्यांना सांगितलं नव्हतं. काय सांगणार? मास्तर, माझ्या शेजारी कुणी बसत नाही हो? या वयात?

तिची पिशवी आत्ताही बसमध्ये, मागच्या बाजूच्या तिच्या जागेशेजारी, खिडकीकडच्या सीटवर होती. तपकिरी, कातडी, चष्म्याच्या दुकानातून निवृत्त होताना मिळालेली. दर सहलीला ती तिथेच असते. सवय... नाही, सवय कसली, पहिल्यांदा ठेवली ती थोरलीसाठी.

कारण खिडकी थोरलीची. हे ठरलेलं. सहलींना नाव घातलं तेही दोघींनी मिळून, आणि पहिल्याच दिवशी थोरलीनं खिडकी घेतली, वर म्हणाली, "तुला काय गं खिडकी, तू सारखी बोलतच असतेस, बाहेर बघतेस कधी?" तेव्हा धाकटी फणकारली होती. आणि मग घरी येईपर्यंत सारखी बोलत होती! किती बोलायच्या दोघी—सासूबाईंचं, मुलांचं, सुनांचं, आणि ज्या राजवाड्यात आत्ताच फिरून आलो त्या राणीच्या इतक्या खोल्या झाडत कोण असेल, याचंसुद्धा. उतरताना थोरली चष्मा काढून हातात द्यायची. न बोलता. थोरलीचा डावा कान उजव्याहून जरासा वर, त्यामुळे कुठलाही चष्मा तिला चार दिवसांत कलतो, दांडीचा स्क्रू ढिला पडतो. धाकटीच्या पिशवीत इवलासा स्क्रूड्रायव्हर कायम. दुकान सुटलं तरी तो सुटला नाही. दोन पिळे, एक फुंकर, पदरानं काचा पुसायच्या आणि चष्मा थोरलीच्या नाकावर आपल्या हातानं बसवायचा... बायकांनी एकमेकींना मिठ्या मारायच्या असतात म्हणतात. आमच्यात ती पद्धत नव्हती. आमच्यात चष्मा होता.

आणि मग तो दिवस. तोही सहलीचाच. थोरलीला यायला उशीर झाला, बस भरत आली. धाकटीनं खिडकीवर पिशवी ठेवून जागा धरली होती, एकदोघींना "कुणीतरी यायचंय" म्हणून घालवूनही दिलं होतं. थोरली चढली. धापा टाकत दोन पावलं आत आली. धाकटीकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. आणि... आणि पुढेच, बँकवालीच्या शेजारी बसली. बस्स. एक शब्द नाही. वळून बघणं नाही. धाकटीनं हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. माझी जागा डोळ्यांनी दिसत असताना तुम्ही तिकडे बसता, तर मी काय पाया पडू?

तेव्हापासून दोघींच्या तोंडात मिठाची गुळणी. फोन आलाच तर कामापुरता. रस्त्यात दिसलं तर "बरं आहे ना?" "बरं आहे." दर सहलीला थोरली आधीच येऊन पुढे बसलेली असते, आणि धाकटी तिच्या अंगावरून खालमानेनं मागे जाते, आणि पिशवी खिडकीशी ठेवते—आता कुणासाठी म्हणून नाही, आता अशासाठी की कुणाला वाटू नये, हिच्या शेजारी कुणी आलंच नाही. पिशवी असली की जागा रिकामी दिसत नाही.

काय चुकलं असेल माझं? तिनं आजवर इतकी कारणं काढली होती की दुकान मांडता आलं असतं. भाचीच्या लग्नात थोरलीच्या सुनेला "बारीक झालीस, जेवायला घालत नाहीत का?" म्हटलं होतं, ते लागलं असेल. किंवा थोरलीच्या नव्या घरातला पंखा आवाज करतो म्हटलं ते. घर विकलं तेव्हा शिसवी कपाट मी घेतलं... पण ते तर तीच म्हणाली होती, ने गं, मला कुठे ठेवायला जागा! की इतकी वर्षं मनात साठलेलंच होतं, एकत्र राहणं होतं म्हणून गोड बोलायचं, आणि घर गेल्यावर सुटका झाली एकदाची? हे सगळ्यांत वाईट. हे कारण ती रोज काढायची आणि रोज परत आत ठेवायची.

पुढच्या खोलीत जेवणाचं टेबल मांडलेलं होतं. प्लास्टरची फळं, रंगवलेला पाव. त्याच्या पुढच्या खोलीत गृहस्थांनी एक दार दाखवलं आणि विचारलं, हे कुठे उघडत असेल? कुणी म्हणालं स्वयंपाकघरात, कुणी म्हणालं गुप्त जिन्याकडे. "कुठेच नाही," ते नाक पुसत म्हणाले, "समोरच्या भिंतीत खरं दार आहे ना, म्हणून जोडी जमायला इकडे खोटं. मागे नुसती भिंत." सगळे पुढे गेल्यावर धाकटीनं त्या दाराची मूठ धरून पाहिली. पितळी होती, गार, घासून लखलखीत ठेवलेली. ओढली तर ढिम्म. अगं बये, सांगितलं ना त्यांनी, तरी ओढून बघतेस!

वरच्या मजल्यावर जायचा जिना अरुंद होता. गर्दीत कसं कोण जाणे, थोरली तिच्या अगदी पुढे आली, एका पायरीच्या अंतरावर, आणि धाकटीला ते दिसलं: चष्म्याची डावी दांडी. कानाजवळ, स्क्रूच्या जागी, औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी गुंडाळलेली. मळलेली, कडा काळ्या पडलेली. म्हणजे आजची नाही, कालची नाही. स्क्रू केव्हाच पडला असणार, आणि ही बाई... चष्म्याची दुकानं काय ओस पडलीत? पाच मिनिटांचं काम! कुणाकडूनही करून घ्यायचं ना! तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हात पुढे झालाच होता. तेवढ्यात थोरली म्हणाली, "जपून, इथली पायरी उंच आहे." कुणाला म्हणाली? मान पुढेच होती. पुढे बँकवाली होती, मागे ही. बँकवाली म्हणाली, "हो हो, बघितली." म्हणजे तिलाच. धाकटीनं हात कठड्यावर ठेवला.

आणि त्या क्षणी तिनं ठरवलं, किंवा ठरवलं असं नंतर वाटलं—आज बघायचंच.

शिट्टी झाली तेव्हा ती वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत होती. पडदे अर्धे ओढलेले, कारण उजेडानं रेशीम विटतं. माणसं जिन्यानं खाली उतरत गेल्याचा आवाज, मग हॉलमधल्या फरशीवरचा, मग खडीवरचा. मग आवाज थांबला आणि खोली एकदम मोठी झाली. खिडकीतून खाली बस दिसत होती. खिडकीशी खुर्ची होती, आणि खुर्चीवर बोंड. तिनं बोंड उचललं, आणि बसली.

काही झालं नाही. रेशीम जरा करकरलं, इतकंच. काय काय मनाई असते माणसाला, आणि मोडली की कुणाला पत्तासुद्धा लागत नाही. खाली एकेक जण बसमध्ये चढत होतं. कप्तान दारात उभे. थोरली चढली—कठड्याला धरून, आधी उजवा पाय, डावा गुडघा धड नाही म्हणून. आता विचारतील. आता कुणीतरी म्हणेल, अहो, त्या दिसत नाहीत. कुणीही म्हणू दे, ड्रायव्हरनं म्हटलं तरी चालेल... खोटं. ड्रायव्हरनं म्हटलेलं चालणार नाही. तिनंच म्हणायला हवं. एवढंच बघायचंय मला—मी नाही, हे तिला कळतं का. कळलं तर मी आपणहून जाऊन बोलेन, मोठेपणा गेला चुलीत. नाही कळलं, तर पुढच्या सहलीपासून यायचं नाही. मंडळातून नाव कमी. कानाला खडा.

कप्तानांचा हात वर गेला. शब्द इथे पोचला नाही, पण तिला तो पाठ होता. आणि मग, काचेतून, खडीवरून, दबका, एकसुरी, शाळेतल्या पोरांसारखा, तो आला. आहे!

तिनं कान दिला. आणखी काही? एखादा उशिराचा आवाज? एखादं "थांबा"?

दार मिटलं. इंजिन सुरू झालं.

असं होणार हे तिला माहीत होतं. मग हे काय नवीन? माहीत असणं वेगळं आणि खिडकीतून बघणं वेगळं. बस हलली. आणि तिचा सगळा ताठा, सगळी परीक्षा, खडा, कान, सगळं विसरून ती जिन्यावरून धावत सुटली. उंच पायरी आली तशी "जपून" असं तिच्या आतूनच कुणीतरी म्हणालं. ती हॉलमधून पळाली, माहिती सांगणारे गृहस्थ रुमालासकट बाजूला झाले, ती खडीवर आली आणि हात हलवत ओरडली, "अहो थांबवा! मी राहिले!" मी राहिले... शोभतं का हे! म्हातारपणी!

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. बस थांबली.

"अरेच्चा!" दार उघडत कप्तान म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. "तुम्ही बाहेर होतात? मी मागे नजर टाकली होती, तुमची पिशवी दिसली जागेवर. म्हटलं, पिशवी आहे म्हणजे बाई असणारच."

"पिशवी ओरडली असेल 'आहे' म्हणून!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि बस हसली. धाकटीही हसली. धाप लागली होती, त्यामुळे हसू सोपं गेलं.

तेवढ्यात थोरली बोलली. धाकटीकडे न बघता, समोरच्या काचेकडे बघत, जरा चिडूनच. "पण हिच्या शेजारचीनं सांगायला नको का? नियम आहे ना? काय बाई असते एकेक! इतक्या सहलींना हिला चिकटून बसते, आणि माणूस आलं की नाही बघत नाही?"

धाकटीला आधी कळलंच नाही. शेजारची? कुठली शेजारची?

"अहो, तिच्या शेजारी कोण बसतंय?" बँकवाली म्हणाली. "कुणीच नाही बसत. पिशवी बसते!"

पुन्हा हशा झाला. थोरली मात्र हसली नाही, तिचे खांदे हलले नाहीत. ती सीटला धरून अर्धवट उठली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मागे वळली. सगळ्या डोक्यांवरून तिनं मागच्या त्या सीटकडे पाहिलं. खिडकीकडच्या. पिशवीकडे. किती वेळ पाहत होती कोण जाणे, बस सुरू झाली आणि धक्क्यानं ती खाली बसली. चष्मा कलला. तिनं तो एका बोटानं सारखा केला.

धाकटी मागे गेली. दर सीटला धरत, दोन्हीकडच्या "काय हो, राहिलात की!"ला मान डोलावत. आपल्या जागी बसली. शेजारी पिशवी.

म्हणजे... थांब. सावकाश. म्हणजे त्या दिवशी ती चढली. उशीर झालेला, धाप लागलेली, आणि तिनं काय पाहिलं? माझ्याकडे पाहिलं. मी हात केला होता का? नाही, मी वाट बघत होते की ती येईलच, हात कशाला करायला हवा? आणि खिडकीवर, तिच्या खिडकीवर, पिशवी. कुणीतरी यायचंय. हे मी दुसऱ्यांना सांगितलं होतं, तिला नाही. पिशवीवर थोडंच लिहिलेलं असतं कुणासाठी ते. आणि ती—विचारेल? थोरली? जिनं सासूबाईंकडे कधी मीठ मागितलं नाही, अळणी जेवून उठली, ती मला विचारेल, ही जागा कुणाची गं? ती पुढे जाऊन बसली. आणि मनात म्हणाली असेल, धाकटीला दुसरी कुणी मिळाली. आणि तेव्हापासून त्या दुसरीला... देवा रे, तेव्हापासून त्या नसलेल्या बाईला ती मनातल्या मनात बोल लावत बसली असेल, आणि वळून बघायचं नाही म्हणून बघितलं नसेल, आणि मी तिच्या अंगावरून जायचे ती खाली मान घालून! आपण दोघी किती मूर्ख आहोत हो ताई. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं.

हे सगळं तिला एकदम कळलं, आणि हसू येईल असं वाटलं, पण आलं ते दुसरंच. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. इतक्या सहली. इतके राजवाडे, इतके जिने. त्यातलं काहीच आता दोघींचं मिळून नाही; एक तिनं पाहिलेलं, एक हिनं पाहिलेलं. ते कुठून परत आणायचं?

तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. उचलायला गेली तेव्हा लक्षात आलं, मुठीत काहीतरी आहे, टोचतंय. बोंड. पळता पळता हातातच राहिलेलं. म्हणजे तिकडे वरच्या खोलीत ती खुर्ची आता उघडी, आणि पुढच्या घोळक्यातलं कुणीही ढोपरं दुखतात म्हणून खुशाल तिच्यावर बसणार. बसू दे. तिनं बोंड पिशवीच्या तळाशी टाकलं. तळाशीच बोटांना स्क्रूड्रायव्हर लागला, आणि त्याच्याजवळ कागदाच्या पुडीत स्क्रू—नेहमीच्या मापाचे, थोरलीच्या दांडीला बसणारे. ते तिनं कधी काढून टाकले नव्हते. का टाकले नव्हते, हे कधी विचारलंही नव्हतं स्वतःला. आणि पलीकडे त्या बाईनं शहरातली सगळी दुकानं सोडून चिकटपट्टी लावली.

शेजारची सीट रिकामी दिसत होती. खरीच रिकामी, सगळ्यांना दिसेल अशी. पिशवीच्या वजनानं रेक्झिनमध्ये खोलगट जागा झाली होती, ती हळूहळू वर येत होती. धाकटीला लाज वाटली, आणि बरंही वाटलं. पुढे, बऱ्याच डोक्यांपलीकडे, थोरलीचं पांढरं डोकं बसबरोबर हलत होतं. तिचा हात वर आला, चष्म्याच्या दांडीला लागला, तिथेच राहिला. वळेल? उठेल? तिचा गुडघा... चालत्या बसमध्ये तिनं उठू नये. मीच जायला हवं. आणि तिथे तर बँकवाली बसलीय. मग हाक मारायची. सगळ्या बसदेखत? का नाही, मघाशी सगळ्या बसदेखत "मी राहिले" म्हणून बोंबललीसच की.

काय म्हणायचं पण? चूक झाली—कुणाची? ही जागा तुमचीच होती? असं काही आमच्यात कुणी बोलत नाही. तिनं स्क्रूड्रायव्हर मुठीत घट्ट धरला. बस हमरस्त्याला लागली, कुणीतरी खिडकी लावली, कुणी घोरायला लागलं. ताई, चष्मा द्या इकडे. मनात तिनं एकदा म्हटलं. मग परत म्हटलं, ताई, चष्मा द्या. आणि मग घसा खाकरून, रिकाम्या जागेवर हात टेकून, ती अर्धवट उठली. ओठ हलले होते, आवाज अजून निघायचा होता.